पाच फूट नऊ, वर पाव इंच

भाचीचा लग्नासाठी फोटो काढला तेव्हा तिच्या उंचीतले तीन इंच मी गायब केले, आणि ते मी केलं हे मला दोन वर्षं कळलं नाही. मी सरकारच्या आकडेवारीच्या खात्यात नोकरीला. दुसऱ्यांनी पाठवलेले तक्ते तपासायचे, बेरीज जुळली नाही तर परत पाठवायचे, हे माझं काम. त्यामुळे ही गोष्ट मला जरा जास्तच लागली.

नव्वदीची सुरुवात होती. दिल्लीतलं सरकारी क्वार्टर सोडून आम्ही नुकतेच गाझियाबादच्या एका नव्या सोसायटीत राहायला आलो होतो. अठ्ठेचाळीस फ्लॅट, त्यातले एकोणीस भरलेले, बाकीच्यांत कबुतरं. रस्ता फाट्यापर्यंत डांबरी, पुढे खडी. पण कोपऱ्यावरच्या दुकानात बिस्किटांशेजारी रंगीत फिल्मचे रोल मिळू लागले होते, आणि माझ्या दृष्टीने देश बदलला तो तिथे. मला फोटोचा नाद कॉलेजपासून. एक जुना कॅमेरा, दोन लेन्स, आणि दर फोटोचं अंतर, उजेड, वेळ यांची नोंद. व्यक्तिचित्रं ही माझी आवड. नातेवाइकांत कुणाचं लग्न जमवायचं असलं की फोटो मी काढायचा, हे ठरलेलंच होतं.

भाची म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीची, ताईची, एकुलती मुलगी. अकोल्यात वाढलेली. रंगाने सावळी, नाक तरतरीत, आणि उंच. सोळाव्या वर्षी ती ताईपेक्षा उंच झाली, सतराव्या वर्षी भाऊजींपेक्षा, आणि तेव्हापासून चालताना मान खाली घालून, खांदे पुढे घेऊन चालायला लागली. दारातून जाताना गरज नसताना वाकायची.

पदवी झाल्यावर ताई तिला घेऊन आमच्याकडे आली ती फोटोसाठीच. सूचना स्पष्ट होत्या.

"बसवून काढ. उभी नको. आणि जरा उजळ येऊ दे."

माहितीचा कागदही मीच लिहीत होतो. ताई म्हणाली, "उंची पाच फूट सहा लिही."

"ताई, आकडा मी खोटा लिहिणार नाही."

"बरं बाबा, राजा हरिश्चंद्रा. मग उंचीचा रकानाच काढून टाक."

रकाना काढला. मला समाधान वाटलं की मी खोटं लिहिलं नाही. मग फोटो काढला. तिला बुटक्या मोढ्यावर, म्हणजे वेताच्या स्टुलावर, बसवलं. कॅमेरा तिच्या डोळ्यांपेक्षा हातभर वर धरला. मान डावीकडे झुकवायला सांगितली, हनुवटी खाली. दोन्ही बाजूंना पांढऱ्या चादरी ताणून उजेड सगळीकडून सारखा पाडला आणि वर दीड स्टॉप जास्त दिला, म्हणजे उजेड जवळजवळ तिप्पट आत घेतला. प्रिंट कंबरेशी कापून घेतली. फोटो सगळ्यांना फार आवडला. भाचीने तो बराच वेळ पाहिला आणि म्हणाली, "छान आहे ही." मी ते कौतुक म्हणून घेतलं.

तो फोटो अकरा ठिकाणी गेला. चार ठिकाणची मंडळी बघायला आली. चारही वेळा एकच झालं, ताईने पत्रात लिहिलेलं माझ्या लक्षात आहे. पोहे घेऊन मुलगी दारातून आली की पाहुण्यांची नजर तिच्या चेहऱ्याच्या अंदाजाने एका जागी जायची, तिथे खांदा सापडायचा, मग नजर वर चढायची. एका मुलाच्या आईने तर तोंडावर म्हटलं, "फोटोत एवढी वाटली नव्हती हो." चौघांकडून नकार आला. पाचव्याला ताईने बोलावलंच नाही. तेवढ्यात भाचीने दिल्लीला एम.ए.ला प्रवेश घेतला आणि तिथेच मुनिरक्याला दोन मैत्रिणींबरोबर खोली घेऊन राहायला आली. दर रविवारी दुपारी आमच्याकडे जेवायला.

एम.ए. संपलं त्या उन्हाळ्यात भाऊजींचं पत्र आलं. चार ओळी. दिवाळीपर्यंत नोकरी लागली तर ठीक, नाही तर घरी यायचं, अमरावतीचं एक स्थळ थांबलं आहे, विधुर आहे पण माणूस चांगला आहे. भाचीने ते पत्र माझ्या बायकोला वाचून दाखवलं आणि घडी घालून पर्समध्ये ठेवलं.

तोवर आकाश खाजगी कंपन्यांना खुलं झालं होतं. पेपरात आठवड्याला एक तरी जाहिरात असायची, हवाईसुंदरी पाहिजेत, इंग्रजी-हिंदी उत्तम, उंची अमुकपेक्षा जास्त. भाचीने एका कंपनीत अर्ज केला. फोटो हवा होता म्हणून घरात होता तो पाठवला. माझाच, मोढ्यावरचा. कसा आहे हे मलाही विचारलं होतं, मी म्हटलं, "उत्तम आहे, पाठव."

तीन आठवड्यांनी छापील नकार आला. ती गप्प बसणारी नव्हती, सरळ त्यांच्या ऑफिसात गेली. त्या रविवारी जेवताना तिने सांगितलं.

"काउंटरवर एक मॅडम होत्या. त्यांनी फाइल काढली, फोटो बघितला, मला बघितलं, परत फोटो बघितला. म्हणाल्या, ये आप हैं? मी म्हटलं, जी बिल्कुल. तर म्हणाल्या, बेटा, इसमें न हाइट दिख रही है न शकल. हमें क्या पता कौन है."

माझी बायको पोळी वाढता वाढता थांबली. "अहो, म्हणजे हिला उंचीसाठी घेतील अशी एकमेव नोकरी निघाली, आणि तुमच्या फोटोत उंचीच नाही?"

"फोटोत काही चूक नाही," मी म्हणालो.

"चूक नाही कशी! ती बाई म्हणतेय हीच नाहीये फोटोत."

भाची हसली, पण डोळे ताटात. "मामा, दुसऱ्या कंपनीची जाहिरात आलीय. पोस्टकार्ड साइझचे दोन फोटो पाहिजेत, एक चेहऱ्याचा, एक उभा पायापर्यंत. यांचीच शेवटची भरती आहे दिवाळीच्या आधी. पंधरा दिवस आहेत. हे नाही झालं तर अमरावती."

दर रविवारी सकाळी दिल्लीत कोपर्निकस मार्गावरच्या आपल्या राज्याच्या जुन्या अतिथिगृहात आम्ही पाच-सहाजण जमायचो. कॅन्टीनमध्ये साबुदाणा वडा खायचा आणि आपापले फोटो टेबलावर ठेवून एकमेकांची खोड काढायची. आमच्यात सगळ्यात तिखट म्हणजे नकाशे करणाऱ्या खात्यातून निवृत्त झालेले एक गृहस्थ. आम्ही त्यांना नकाशेवाले म्हणत असू. त्यांच्या पिशवीत काळ्या पुठ्ठ्याचे दोन काटकोन असायचे. ते फोटोवर ठेवून सरकवायचे आणि कुठे कापायला हवं होतं ते दाखवायचे. माझ्या एका चित्राबद्दल त्यांनी विचारलं होतं, "अहो, हा मनुष्य फोटोत आहे की दारातून डोकावून गेला?"

पुढच्या रविवारी मी मोढ्यावरचा फोटो नेला. त्यांच्याकडून चांगलं म्हणवून घ्यावं आणि बायकोला तसं सांगावं, असा माझा बेत होता.

त्यांनी काटकोन ठेवले. सरकवले. परत उचलले.

"ही उभी राहिली तर किती उंच?"

"पाच नऊ असेल."

"असेल? तुम्ही आकडेवाले ना?"

"मोजली नाही कधी."

"मोजायची सोयच ठेवली नाहीत तुम्ही. नकाशावर स्केल नसेल तर तो नकाशा नव्हे, भिंतीवर लावायचं चित्र. पाय कापलेत, हात मनगटाशी कापलेत, मागे दार नाही, खुर्चीची पाठ नाही. हिला मोजू कशाशी? कॅमेरा वरून का?"

मी वड्याची बशी बाजूला सरकवली.

"आणि हा उजेड. दोन्हीकडून मारलाय. नाक कुठे संपतं आणि गाल कुठे सुरू होतो ते दाखवा मला. सावळी आहे ना मुलगी? सावळ्या चेहऱ्यावर एका बाजूने उजेड पडला तर तो दगडावर कोरल्यासारखा दिसतो. तुम्ही धुऊन काढलात." त्यांनी मानेवर बोट ठेवलं. "ही मान कुणी वाकवली?"

"मी."

"का?"

"पद्धत आहे. लग्नाच्या फोटोची."

शेजारचे गृहस्थ वडा खाली ठेवून म्हणाले, "साहेब, सरकारी आकडे पण असेच बसवता का हो?" सगळे हसले. मीही हसलो. नाइलाज होता.

घरी येऊन मी पट्टी काढली. डोक्याची लांबी, हनुवटीपासून कंबरेपर्यंतची लांबी, माणसाच्या शरीराची सर्वसाधारण प्रमाणं, असा ढोबळ हिशेब मांडला. या फोटोतली मुलगी उभी राहिली तर किती भरेल? उत्तर आलं पाच फूट सहा. मी दोनदा केला हिशेब. ताईने जो आकडा सांगितला होता, आणि जो लिहायला मी नकार दिला होता, तोच मी लेन्सने लिहून दिला होता. वर सहीही माझीच, मागच्या बाजूला, तारखेसह. अकरा घरांत तो तक्ता गेला आणि चार घरांनी तो न जुळल्याने परत पाठवला. मी त्यांच्या जागी असतो तर तेच केलं असतं.

बायकोला सांगितलं. ती म्हणाली, "मग बसलाय काय? शनिवारी बोलवा तिला."

उभा फोटो घरात निघणार नव्हता. आमची मोठी खोली दहा बाय अकरा. जवळून काढला तर डोकं मोठं आणि पाय बाहुलीचे येतात. लांब लेन्स लावली तर मला पंचवीस फूट अंतर हवं, शिवाय तिच्यामागे भिंतीपर्यंत चार फूट. सोसायटीचा कम्युनिटी हॉल अर्धवट पडून होता. टेपने मोजला, चौतीस फूट लांब. भिंतींना पांढरा चुना, जमीन कच्ची, आणि उत्तरेच्या बाजूला तीन दारांच्या मोकळ्या चौकटी, ज्यांतून सकाळी दहापर्यंत थंड, एका बाजूचा उजेड यायचा. दोन दारं मी सतरंज्या टांगून बंद केली. तिसरं उघडं ठेवलं. कॅमेरा तिच्या कंबरेच्या उंचीवर, तीन फूट चारवर. उजेड मोजायचं मीटर भिंतीवरून वाचलं नाही, तिच्या चेहऱ्याजवळ जाऊन वाचलं, आणि जेवढं आलं तेवढंच दिलं. वर काही नाही.

भाची निळी सुती साडी नेसून आली होती. बायकोने पदर नीट केला, पिन लावली, आणि पावडरचा डबा स्वतःच पर्समध्ये बंद करून ठेवला.

चेहऱ्याचे सहा फोटो चांगले झाले. मग उभा.

"सरळ उभी राहा."

"सरळच आहे मामा."

ती सरळ नव्हती. खांदे पुढे, एक गुडघा दुमडलेला, मान आत. अंगात मुरलेलं होतं. मी खांदे मागे घे म्हटलं की पोट पुढे यायचं, हनुवटी वर कर म्हटलं की पोलिसांनी पकडल्यासारखी दिसायची. बायको मागून, "अगं श्वास घे, श्वास!" भाची, "घेतेय ना मामी, जिवंत आहे मी!" चौदा फोटो असे गेले. मला कॅमेऱ्यातून पाच फूट सात दिसत होते, फार तर साडेसात.

मी कॅमेरा स्टँडवर सोडला आणि खिशातून टेप काढली.

"भिंतीला टाचा लाव."

"आता काय?"

"उंची मोजायचीय. लाव टाचा. पाठ, डोकं, सगळं लागलं पाहिजे. समोर बघ."

मोजून घेताना माणूस वाकत नाही. शाळेत सगळ्यांनी तसंच उभं राहून मोजून घेतलेलं असतं. ती भिंतीला लागली आणि हळूहळू वर आली. डोक्यावर मी पट्टी आडवी धरली, पेन्सिलने खूण केली, तिला बाजूला करून खालून टेप लावली. दोनदा मोजलं.

"पाच फूट नऊ. आणि वर पाव इंच."

"मी तर सगळीकडे पाच सात सांगते."

"ते चूक आहे."

"पाव इंच पण धरायचा?"

"पाव इंच पण. खूण बघ की."

तिने वळून भिंतीवरची रेघ पाहिली. हात वर करून त्या रेघेवर ठेवला. बायको म्हणाली, "मला चार इंच दे त्यातले, फळीवरचे डबे काढायला सारखी यांना हाक मारावी लागते." भाची खळखळून हसली. मी म्हटलं, "परत टाचा लाव. हं. आता आहे तशीच चार पावलं पुढे ये." ती आली. तशीच. डोकं त्या रेघेच्या उंचीवर ठेवून. डाव्या बाजूने उजेड, उजव्या गालावर खरी सावली, नाक जिथे आहे तिथे. मी नऊ फोटो घेतले आणि प्रत्येक वेळी मला कॅमेऱ्यातून तिच्या पायांखालची जमीन दिसत होती.

लॅबमध्ये आणखी एक लढाई झाली. प्रिंट काढणारा तरुण उत्साहाने म्हणाला, "सर, थोड़ा साफ कर दूँ? मैडम गोरी आ जाएँगी."

"नहीं. जैसी है वैसी."

"सब करवाते हैं सर."

"मैंने भी करवाया था," मी म्हणालो. तो माझ्याकडे बघत राहिला, पण बटणं परत शून्यावर आणली. पहिली प्रिंट त्याने तरीही फिकट काढली, ती मी परत केली. दुसरी घेतली.

रविवारी कोपर्निकस मार्गावर नकाशेवाल्यांनी काटकोन काढले. उभ्या फोटोवर ठेवले. डावीकडून आत आणले, बाहेर नेले. वरून आणले, डोक्यापाशी थांबले, परत वर नेले. कॅन्टीनमधला वेटरही उभा राहून बघू लागला. शेवटी त्यांनी काटकोन एकावर एक ठेवून पिशवीत टाकले.

"कापायला काही नाही," ते म्हणाले. मग राहवेना म्हणून, "डाव्या हाताची बोटं जरा आखडली आहेत."

"आहेत," मी म्हणालो. सात वर्षांत माझ्या एकाही फोटोवर त्यांनी काटकोन पिशवीत टाकले नव्हते. मी त्या दिवशी सगळ्यांना दुसऱ्यांदा वडे मागवले.

सोमवारी भाचीने अर्ज स्वतः नेऊन दिला. अठरा दिवसांनी मुलाखतीचं पत्र आलं. मुलाखतीहून ती सरळ आमच्याकडे आली. जिन्यात तिच्या पावलांचा आवाज आला तेव्हाच बायको म्हणाली, "झालंय काही तरी, दोन दोन पायऱ्या चढतेय."

तिघांचं पॅनल होतं, ती सांगत होती. तिचे दोन्ही फोटो समोर ठेवलेले. ती आत गेली तसं मधल्या बाईंनी फोटो पाहिला, तिला पाहिलं, आणि पुढचा प्रश्न विचारला. बस. दुसऱ्यांदा कुणी फोटो उचलला नाही. मग उंची मोजायला भिंतीला लावलेल्या पट्टीशी उभं केलं. मोजणाऱ्याने पाच नऊ म्हटलं.

"मी म्हटलं, सर, क्वार्टर इंच ऊपर है, देख लीजिए. त्यांनी परत बघितलं. म्हणाले, अरे हाँ. सगळे हसले मामा. आणि ती बाई म्हणाली, लिखिए, लिखिए, पूरा लिखिए."

नेमणुकीचं पत्र दिवाळीच्या एकवीस दिवस आधी आलं. ट्रेनिंग दिवाळीनंतर. अमरावतीला ताईनेच कळवलं, आणि भाऊजींनी पुढच्या पत्रात त्या स्थळाचा उल्लेखही केला नाही. फक्त शेवटी लिहिलं होतं, तो उभा फोटो मोठा करून पाठवावा.

त्या दिवाळीत आम्ही तिघं अकोल्याला गेलो. भाऊजींनी दारातच मला धरलं. ते कमी बोलणारे गृहस्थ, पण त्या दिवशी थांबेनात. फ्रेमवाल्याकडे तयार चौकट होती, तिच्यात फोटो बसत नव्हता. तो म्हणाला, खालून दोन बोटं कापतो, पाय गेले तर काय बिघडतं, चेहरा तर राहतोय.

"मी म्हटलं त्याला, खबरदार कात्री लावलीस तर! नवी चौकट कर. चार दिवस लागले तरी चालेल. सहा लागले."

ती चौकट बैठकीत समोरच्या भिंतीवर होती, देवघराच्या दाराशेजारी, घरातल्या सगळ्या तसबिरींहून उंच. त्यात भाची निळ्या साडीत कच्च्या जमिनीवर उभी, डोक्यापासून पायाच्या बोटांपर्यंत. मोढ्यावरचा फोटो मला कुठे दिसला नाही, मी विचारलंही नाही.

संध्याकाळी फराळाला शेजारची मंडळी आली. त्यांतल्या एका काकांनी चष्मा वर करून फोटो पाहिला आणि विचारलं, "बरीच उंच दिसते हो मुलगी. किती असेल?"

भाऊजी ताठ बसले. "पाच फूट नऊ."

"वर पाव इंच, बाबा!" स्वयंपाकघरातून आवाज आला, आणि लाडवांचं ताट घेऊन भाची दारातून बाहेर आली, न वाकता.